आधी उजेड, मग रंग : चित्रकार ना. श्री. बेंद्रे

पादऱ्याहून बडोदं जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटर. कॉलेज, दवाखाना, लग्नाची खरेदी, सगळ्यासाठी आपलं तिथं जाणं-येणं असतं. पण सयाजीराव महाराजांच्या नावाच्या विद्यापीठाला चित्रकलेत देशभर मान मिळवून देणाऱ्यांत ज्यांचं नाव अग्रभागी, त्या नारायण श्रीधर बेंद्रे यांची ओळख आपल्या नव्या पिढीला फारशी नाही. तेही आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेर वाढलेले मराठी. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत त्यांचं स्मरण.

बेंद्रे यांचा जन्म २१ ऑगस्ट १९१० रोजी होळकरांच्या इंदुरात झाला. तिथल्या कलाशाळेत दत्तात्रय दामोदर देवळालीकर हे गुरू लाभले. देवळालीकर मुलांना उघड्यावर नेऊन निसर्गचित्रं करायला लावत. विष्णू चिंचाळकर, मकबूल फिदा हुसेन हीही त्याच इंदुरी मातीतली माणसं.

उन्हात बसून चित्र काढणाऱ्याला एक गोष्ट लवकर उमगते. रंग दिसतो आधी, पण चित्र उभं राहतं ते गडद-फिकटाच्या तोलावर. चित्रकार याला टोन म्हणतात. डोळे किंचित मिटून आपल्या मखराकडे पाहा. झालरी, फुलं, दिव्यांच्या माळा विरून जातात आणि अंधार-उजेडाचे चार-दोन मोठे आकार उरतात. ते नीट बसले असतील तर मूर्ती उठून दिसते, नसतील तर कितीही सजावट केली तरी ती हरवते. बेंद्रे यांच्या निसर्गचित्रांत ही जाण पक्की होती.

काही काळ त्यांनी काश्मीरमध्ये राहून चित्रं काढली. १९४१ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. १९४५ मध्ये ते शांतिनिकेतनला गेले. आपल्या कीर्तिमंदिराच्या भिंती रंगवणारे नंदलाल बोस आणि त्यांचे सहकारी यांचं काम त्यांनी तिथं जवळून पाहिलं. पुढे अमेरिकेचा प्रवास झाला, १९४८ मध्ये न्यूयॉर्कला प्रदर्शनही भरलं.

१९५० साली बडोद्यात ललित कला विद्याशाखा सुरू झाली आणि बेंद्रे चित्रकला शिकवायला आले. कुलगुरू होत्या हंसाबेन मेहता. शिल्पकलेला शंखो चौधरी होते. चाळिशीचा, नाव झालेला चित्रकार. निसर्गचित्रांवर त्यांचं उर्वरित आयुष्य सहज निघालं असतं. पण इथं आल्यावर त्यांनी स्वतःची हुकमी शैली बाजूला ठेवली. घनवादी रचना करून पाहिल्या, सपाट रंग आणि ठाशीव आकार हाताळले. पायात रुतलेल्या काट्याचा साधासा विषय घेऊन केलेल्या ‘काटा’ या चित्राला १९५५ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे अमूर्त चित्रंही केली.

शिक्षक म्हणून त्यांचं मोठेपण आम्हाला इथंच दिसतं. रचना कशी बांधायची, टोन कसा तोलायचा, हे त्यांनी कसून शिकवलं, पण आपली शैली कोणावर लादली नाही. शांती दवे, ज्योती भट्ट, रतन परिमू, गुलाममोहम्मद शेख हे त्यांच्या काळात इथं घडले. यांची कामं शेजारी ठेवली तर एकाच गुरूची मुलं म्हणून ओळखू येणार नाहीत. १९५६ साली बरोडा ग्रुप उभा राहिला, त्यामागे बेंद्रे होते. पुढे ते विद्याशाखेचे डीन झाले.

१९६६ मध्ये बडोदं सोडून ते मुंबईला गेले. साठीनंतर पुन्हा नवा रस्ता धरला. रंगाचे बारीक बारीक ठिपके शेजारी ठेवायचे आणि ते पाहणाऱ्याच्या डोळ्यातच मिसळू द्यायचे. या पद्धतीत कडा आखून लपायला जागा नसते, ठिपक्यांच्या गडद-फिकट छटांनीच आकार तोलून धरावा लागतो. इंदूरच्या उन्हातला धडा इतक्या वर्षांनी असा उपयोगी पडला. १९६९ मध्ये पद्मश्री आणि १९९२ मध्ये पद्मभूषण हे सन्मान मिळाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईत त्यांचं निधन झालं.

गणपतीतल्या चित्रकला स्पर्धेत आपली मुलं बहुधा पाठ केलेलं चित्र काढतात. दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी. आपणही कौतुकानं बक्षीस देतो. बेंद्रे यांचं आयुष्य सांगतं की हात तयार करावा, बैठक मोडू नये, पण स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं सोडू नये. पुढच्या वर्षी आपल्या मुलांना कागद-पेन्सिल देऊन पादऱ्याच्या भाजीबाजारात किंवा तळ्याकाठी बसवू या. चित्र वाकडं आलं तरी चालेल, ते त्यांचं असेल.