पाण्याचा हिशेब मांडणारे सर विश्वेश्वरय्या



दरवर्षी १५ सप्टेंबरला आपल्या देशात अभियंता दिन पाळला जातो. हा सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्मदिवस. त्यांचे नाव निघाले की सर्वांना म्हैसूरजवळचे कृष्णराजसागर धरण आठवते. परंतु आपल्या हैदराबाद शहरावरही त्यांचे मोठे उपकार आहेत. उस्मानसागरच्या बांधावर आपण सहलीला जातो, तो तलाव कशामुळे झाला हे मात्र पुष्कळ मुलांना माहीत नसते. म्हणून या अंकात आम्ही त्यांच्या जीवनाची ओळख करून देत आहोत.

विश्वेश्वरय्यांचा जन्म चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळी या लहान गावी झाला. वडील संस्कृतचे विद्वान होते, पण ते लवकर वारले. घरची परिस्थिती बेताची. बंगळूरला शिकत असताना त्यांनी लहान मुलांच्या शिकवण्या करून आपला खर्च भागवला आणि १८८१ साली बी. ए. ची पदवी मिळवली. पुढे म्हैसूर सरकारच्या मदतीने ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाले. १८८३ साली अभियांत्रिकीच्या परीक्षेत ते पहिले आले. १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात त्यांना नोकरी मिळाली. नाशिक, धुळे, पुणे या भागांत त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. म्हणजे त्यांचे शिक्षण आणि उमेदीची वर्षे मराठी मुलखात गेली, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे.

त्या काळी सिंध प्रांतही मुंबई इलाख्यात होता. तिथल्या सक्कर गावाला पाणी पुरवण्याचे काम त्यांच्याकडे आले. गाव सिंधू नदीच्या काठी, तरी पिण्याच्या पाण्याची मुश्किल. नदीचे पाणी गढूळ आणि ते गाळण्याची मोठी यंत्रणा उभारायला नगरपालिकेकडे पैसा नाही. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खोदली. वाळूतून झिरपत येणारे पाणी आपोआप गाळले जाऊन विहिरीत साठू लागले. तेच पाणी पंपाने टेकडीवर चढवून गावाला दिले. वाळू तर तिथे पहिल्यापासून होतीच, तिचा उपयोग कसा करायचा हे त्यांनी ओळखले.

पुण्याजवळच्या खडकवासला तलावावर त्यांनी आणखी एक काम केले. पावसाळ्यात जादा पाणी सांडव्यावरून वाहून जात असे. जुना बांध उंच न करता जास्त पाणी साठवायचे होते. त्यांनी सांडव्यावर आपोआप चालणारे दरवाजे बसवले. ठरलेल्या पातळीपर्यंत दरवाजे पाणी अडवून धरत, पातळी त्याच्यावर गेली की ते आपोआप उघडत आणि पूर ओसरला की बंद होत. यामुळे तलावात पूर्वीपेक्षा ८ फूट जास्त पाणी राहू लागले आणि बांधालाही धोका राहिला नाही.

आता आपल्या शहराकडे येऊ. २८ सप्टेंबर १९०८ या दिवशी मुसी नदीला महापूर आला. अफजलगंज आणि चादरघाटसह तीन पूल वाहून गेले, एक पुराना पूल तेवढा टिकला. सुमारे १५,००० माणसे प्राणाला मुकली असे मानले जाते. हजारो घरे पडली आणि सुमारे ८०,००० लोक उघड्यावर आले. अफजलगंजच्या दवाखान्याच्या आवारातील चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली, असे जुने लोक सांगत आले आहेत. निजाम मीर महबूब अली खान यांनी आपले वाडे पूरग्रस्तांसाठी खुले केले.

विश्वेश्वरय्या त्या वेळी मुंबई सरकारची नोकरी सोडून परदेश प्रवासाला निघाले होते. इटलीत असताना त्यांना हैदराबादचे बोलावणे गेले. एप्रिल १९०९ मध्ये ते इथे दाखल झाले.

शहरात जे नुकसान दिसत होते, तेवढ्यावर ते थांबले नाहीत. शहराच्या वरच्या बाजूला किती पाऊस पडला, कुठून किती पाणी आले, याची मोजदाद त्यांनी केली. मुसीला पाणी देणारा हा प्रदेश सुमारे ८६० चौरस मैलांचा. त्यात ७८८ तळी होती. त्यांपैकी २२१ तळी त्या पावसात फुटली. वरचे तळे फुटले की त्याचे पाणी खालच्या तळ्यावर आदळायचे, मग तेही फुटायचे. अशी एकामागून एक तळी रिकामी होत सगळा लोंढा शहरावर आला. महापुराला नुसता पाऊस कारणीभूत नव्हता, हे या हिशेबातून लोकांसमोर आले.

यावर त्यांनी उपाय सुचवला की शहराच्या वर मुसी आणि तिची उपनदी ईसी यांच्यावर दोन मोठे जलाशय बांधावेत. पुराचे पाणी तिथे अडवावे आणि मग बेताबेताने खाली सोडावे. त्याप्रमाणे मुसीवर गंडीपेट येथे १९२० साली उस्मानसागर आणि ईसीवर १९२७ साली हिमायतसागर पूर्ण झाला. शहराला पूर अडवण्याची सोय मिळाली आणि पिण्याचे पाणीही मिळाले. शहराच्या सांडपाण्याची योजनाही त्यांनीच आखली.

१९०९ च्या अखेरीस ते म्हैसूरला मुख्य अभियंता म्हणून गेले आणि १९१२ ते १९१८ पर्यंत तिथले दिवाण होते. १९५५ साली भारत सरकारने त्यांना भारतरत्न हा किताब दिला. एप्रिल १९६२ मध्ये, वयाची शंभरी ओलांडल्यावर, त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, आता जरा विचार करा. फुटलेल्या तळ्याचे पाणी कोणासाठी थांबत नाही. वरच्या गावात काय घडते आहे हे खालच्या शहराला वेळेवर कळले तरच माणसे जीव वाचवू शकतात. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत आपल्याच शहरात तळी फुटून वस्त्या पाण्याखाली गेल्या, ते आपण पाहिले आहे. आज आपले पाणी मांजरा, कृष्णा आणि गोदावरी इतक्या लांबून येते. मोठी वाहिनी कुठेतरी दुरुस्तीला घेतली की इथला नळ कोरडा पडतो. जितके पाणी लांबून येते, तितकी त्याची खबर आधी मिळणे जरुरीचे आहे.

आपल्या शाळेचाच अनुभव घ्या. मागच्या उन्हाळ्यात दोन दिवस नळाला पाणी आले नाही. त्याची सूचना आमच्यापर्यंत पोहोचली नव्हती. टाकी रिकामी झाली तेव्हाच कळले. लहान वर्गांना दुपारी घरी सोडावे लागले आणि वरच्या वर्गांतील पुष्कळ मुली दुसऱ्या दिवशी आल्याच नाहीत. त्याचे कारण पालकांना सांगण्याची गरज नाही. आदल्या दिवशी कळले असते तर आम्ही टँकर मागवला असता, टाकी भरून ठेवली असती आणि एकाही मुलीचा दिवस बुडाला नसता.

म्हणून या सत्रापासून शाळेच्या फाटकाजवळ पाण्याचा एक फळा लावत आहोत. आठवीचे विद्यार्थी रोज सकाळी टाकीतील पाण्याची पातळी मोजून त्यावर तारखेसह लिहितील. पाणी बंद राहणार असल्याचे वर्तमानपत्रातून किंवा फोनवरून कळले, तर कधीपासून, कधीपर्यंत आणि कोणत्या कारणाने, या तीन गोष्टी फळ्यावर असतील. पालकांना विनंती आहे की आपल्या मोहल्ल्यात अशी सूचना मिळाल्यास ती मुलांबरोबर शाळेत पाठवावी आणि फळ्यावर वाचलेली शेजाऱ्यांनाही सांगावी. मोठ्या टाकीसाठी विश्वस्त मंडळाकडे अर्ज केला आहे. त्याचा विचार होताना फळ्यावरची वर्षभराची नोंद उपयोगी पडेल, नुसत्या तक्रारीपेक्षा आकडे जास्त बोलतात.

धरणे बांधण्याचे काम तुमच्यापैकी एखादाच करील. पण पाणी मोजणे, ते लिहून ठेवणे आणि वेळेवर दुसऱ्याला कळवणे हे आठवीच्या मुलालाही जमण्यासारखे आहे. विश्वेश्वरय्यांच्या मोठ्या कामाची सुरुवातही अशाच मोजमापातून झाली होती. फळ्यावर नोंद करणारा पहिला गट सोमवारी ठरेल. ज्यांना त्यात यायचे आहे त्यांनी आपल्या वर्गशिक्षकांकडे नावे द्यावीत.