गणिताच्या प्राध्यापकाने शिकवलेला गुप्तरोगांचा धडा

वसई-विरारहून लोकलने मुंबई गाठणारे अनेक तरुण डॉक्टर पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा अभ्यास गाडीतच करतात. गुप्तरोगांचा तक्ता तर हमखास पाठ असतो: उपदंशाची जखम दुखत नाही, शँक्रॉईडची दुखते, परम्यात लघवीला जळजळ होते आणि पू येतो. हा विषय मराठी घरांत पोहोचावा म्हणून झिजलेला माणूस मात्र डॉक्टर नव्हता. ते होते गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे थोरले चिरंजीव. जन्म १८८२चा. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. या कामापायी १९२५ साली विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. तरी जुलै १९२७मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले. पत्नी मालतीबाईंनी आयुष्यभर साथ दिली.

परम्याचा जंतू १८७९ साली सापडला होता, उपदंशाचा १९०५ साली. पण पेनिसिलिन अजून यायचे होते. अशा काळात माहिती आणि प्रतिबंध हाच मोठा आधार होता. कर्व्यांनी गुप्तरोगांपासून बचावावर पुस्तक लिहिले आणि वाचकांच्या लैंगिक शंकांना मासिकातून सरळ उत्तरे दिली. ती उत्तरे अश्लील ठरवून १९३४ साली खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरीही कर्व्यांना दंड झालाच. मासिक मात्र त्यांनी १९५३मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवले.

आज सुरुवातीचा उपदंश पेनिसिलिनच्या एका इंजेक्शनने बरा होतो. लाज मात्र तशीच आहे. जखम आपोआप भरते, रुग्ण निश्चिंत होतो आणि आजार आत वाढत राहतो. गरोदर बाईच्या तपासणीत उपदंश सापडतो, तेव्हा नवऱ्याला दवाखान्यात आणणे हेच सर्वांत अवघड काम ठरते. त्याने उपचार घेतले नाहीत, तर तिला पुन्हा लागण होऊ शकते आणि बाळही धोक्यात येते.

सरकारी रुग्णालयांत ही तपासणी होते आणि माहिती गुप्त राखली जाते. परीक्षार्थींनी तक्ता जरूर पाठ करावा, पण समोरचा रुग्ण न लाजता बोलेल असे विचारायलाही शिकावे. कर्वे वाचकांशी तसेच बोलत असत.