हेडमास्तर अत्रे

घाटकोपर पूर्वेला पंतनगरात आचार्य अत्रे मैदान आहे. त्या मैदानाच्या कडेने माझे रोज जाणे-येणे असते. संध्याकाळी तेथे एकाच वेळी पाच-सहा क्रिकेटचे सामने चालू असतात आणि एका सामन्याचा चेंडू दुसऱ्या सामन्यातला क्षेत्ररक्षक अडवतो. तेथून जवळच एका इमारतीच्या सोसायटीच्या खोलीत आम्ही काही मित्रमैत्रिणी सहावी-सातवीच्या मुलांसाठी आठवड्यातून तीन दिवस अभ्यासवर्ग चालवतो. माझ्याकडे मराठी वाचन आले. पहिल्या दिवशी ओळख व्हावी म्हणून मी मुलांना विचारले, की ज्या मैदानावर तुम्ही खेळता ते अत्रे कोण होते? एकाने ते जुने क्रिकेटपटू असावेत असे सांगितले; दुसऱ्याच्या मते ते बिल्डर होते.

मी हसले खरी, पण घरी जाताना मनात आले, की मला तरी काय ठाऊक आहे? गाजलेली भाषणे, संयुक्त महाराष्ट्राचा लढा, १९५६ साली काढलेले 'मराठा' दैनिक, 'मोरूची मावशी', आणि हजरजबाबीपणाचे असंख्य किस्से, ज्यांतले निम्मे बहुधा दुसऱ्याच कोणाचे असावेत. हे गृहस्थ मुळात शाळामास्तर होते, हे मला आजीकडून कळले. तिच्या लेखी अत्रे म्हणजे तिच्या वाचनाच्या पुस्तकाचे कर्ते. बाकीचे सगळे त्यांनी नंतर केले.

आजीकडे येण्यापूर्वी वर्गाची हकीगत सांगायला हवी. माझ्या वर्गात एक मुलगा आहे. तो धडाधड वाचतो. जोडाक्षरे अडत नाहीत, उच्चार स्वच्छ. पहिल्या आठवड्यात मी त्याला सर्वांत हुशार समजत होते. एके दिवशी त्याने परिच्छेद संपवल्यावर मी सहज विचारले, की यात काय सांगितले आहे? त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि तोच परिच्छेद पहिल्यापासून पुन्हा वाचायला घेतला. मी थांबवले, पुन्हा विचारले. त्याने पुन्हा वाचले. वाचणे म्हणजे अक्षरांतून आवाज काढणे, याखेरीज त्याची काही कल्पनाच नव्हती.

त्याला दोष कसा द्यावा? माझ्या शाळेतला वाचनाचा तास मला आठवला. पस्तीस मिनिटांची तासिका. आधी बाईंचे आदर्श वाचन, मग बाकावरच्या क्रमाने आमचे प्रकट वाचन. आपला परिच्छेद कोणता येणार हे आधी मोजून ठेवायचे आणि तेवढाच मनात घोळवायचा; त्यामुळे बाकीच्या धड्याकडे कोणाचेच लक्ष नसे. चुकले तर उभे राहायचे. मग फळ्यावर शब्दार्थ, ते वहीत उतरवायचे, खाली समानार्थी आणि विरुद्धार्थी, शेवटी स्वाध्यायाची उत्तरे बाई सांगणार आणि आम्ही लिहिणार. वेळापत्रकात मूकवाचन असा शब्द होता. त्याचा अर्थ आम्ही गप्प बसणे असा लावला होता. धडा चांगला की वाईट, आवडला की नाही, हे पाच वर्षांत मला कोणी विचारल्याचे आठवत नाही. मुलाकडून अपेक्षा एकच : चुकू नये.

आजी सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात मराठी चौथीपर्यंत शिकली आणि तेथेच तिची शाळा संपली. तरीही ती आजतागायत रोज वर्तमानपत्र वाचते, नव्वदीच्या घरात असूनही, आणि अग्रलेख पटला नाही तर त्यावर मोठ्याने बोलते. तिला नवयुग वाचनमाला होती. त्यातले काही धडे ती अजून सांगते. पाठ म्हणून दाखवत नाही, एखाद्या शेजाऱ्याच्या घरी घडलेली गोष्ट सांगावी तसे सांगते. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटला, आणि म्हणून मी अत्र्यांच्या चरित्रातली मास्तरकीची वर्षे शोधायला लागले.

प्रल्हाद केशव अत्रे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९८ रोजी सासवडजवळच्या कोडीत गावी झाला. म्हणजे कऱ्हेकाठचा मुलगा. आत्मचरित्राला त्यांनी 'कऱ्हेचे पाणी' असे नाव दिले ते उगीच नव्हे. पुण्यात फर्ग्युसनमधून १९१९ साली ते बी.ए. झाले. राम गणेश गडकऱ्यांना ते गुरू मानत, आणि गडकरी त्याच वर्षाच्या जानेवारीत गेले. कवी, नाटककार होण्याची हौस असलेल्या या तरुणाने पोटासाठी शिक्षकाचा पेशा धरला. काही काळ मुंबईत शिकवले आणि मग पुण्याच्या लष्कर भागातील कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे ते मुख्याध्यापक झाले.

पुष्कळ साहित्यिक शिक्षक होते, पण बहुतेकांनी शाळेकडे पोटापाण्याचा धंदा म्हणून पाहिले. अत्र्यांनी शिकवणे हा शिकून घेण्याचा विषय मानला. १९२६ साली त्यांनी 'अध्यापन' नावाचे मासिक काढले. पुढे लंडनला जाऊन १९२८ साली टी.डी. ही शिक्षणशास्त्राची पदविका घेतली. तेव्हा पाश्चात्त्य देशांत बालमानसशास्त्राचा बोलबाला होता. मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ माणूस नव्हे, त्याचे कुतूहल, त्याची भाषा, त्याचे लक्ष टिकण्याचा काळ हे सगळे निराळे असते, हा विचार घेऊन ते परतले.

याच्या थोडे आधी, १९२५ साली, केशवकुमार या नावाने त्यांची 'झेंडूची फुले' प्रसिद्ध झाली होती. विडंबनकार आणि पाठ्यपुस्तककार ही जोडी आपल्याला विजोड वाटते. मला मात्र वाटते, की हे एकाच कानाचे काम आहे. ज्या माणसाला कवितेतला कृत्रिम शब्द लगेच खटकतो, त्याला तो लहान मुलाच्या पुस्तकात कसा सहन व्हावा? आणि मुलांच्या पुस्तकांत तसे शब्द भरपूर होते. एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी यांच्या देखरेखीखाली मराठी क्रमिक पुस्तके तयार झाली, तेव्हापासून वाचनाचे पुस्तक म्हणजे उपयुक्त माहिती आणि सद्‌बोध यांची शिदोरी, अशी कल्पना रुजली होती. कँडींचे उपकार मोठे आहेत. गद्य मराठीला विरामचिन्हांची शिस्त लागण्यातही त्यांचा वाटा आहे. पण त्या पुस्तकातला मुलगा कोणाच्या घरी सापडत नसे.

१९३० नंतरच्या दशकात नवयुग वाचनमाला आली आणि धड्यात घर आले. पुढे माध्यमिक शाळांसाठी 'अरुण वाचन'ही आले. छोटी वाक्ये, बोलण्यातली मराठी, हसू येईल असा प्रसंग, आणि मुलाला स्वतःचा वाटेल असा एखादा मुलगा. अत्र्यांचा 'दिनूचे बिल' हा धडा त्यातलाच. दिनूचे वडील डॉक्टर. रोग्यांना बिले जातात हे पाहून दिनूही आईला आपल्या कामांचे बिल देतो. आई त्याचे पैसे चुकते करते आणि स्वतःचेही एक बिल ठेवते; त्यात तिने दिनूसाठी केलेले सगळे मांडलेले असते, पण रकमेच्या जागी काहीच नसते.

पुढचे अत्रे सर्वांना माहीत आहेत. १९३३ साली 'साष्टांग नमस्कार', मग एकामागून एक नाटके, १९४० साली 'नवयुग' साप्ताहिक, १९४२ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद. त्यांच्या लेखणीने पुष्कळांना विनाकारण घायाळ केले, हेही सांगितले पाहिजे; मुलांसाठी इतके हळुवार लिहिणारा माणूस मोठ्यांच्या बाबतीत असा का होई, याचे उत्तर मला मिळालेले नाही. मात्र १९५३ साली त्यांनी चित्रपटासाठी पुस्तक निवडले ते 'श्यामची आई', म्हणजे अमळनेरच्या शाळेत शिकवलेल्या दुसऱ्या एका मास्तरांचे. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याला १९५४ साली मिळाले. १३ जून १९६९ रोजी मुंबईत अत्रे गेले. त्याच्या दोनच वर्षे आधी, जानेवारी १९६७ मध्ये, पाठ्यपुस्तकांसाठी 'बालभारती' ही संस्था स्थापन झाली होती.

आता पुन्हा वर्गाकडे येते. आजीने सांगितला तसा दिनूचा धडा मी माझ्या शब्दांत लिहून काढला, झेरॉक्स केल्या आणि मुलांना वाटल्या. ठरवले, की आदर्श वाचन नाही, शब्दार्थ नाहीत. आधी दहा मिनिटे प्रत्येकाने मनात वाचायचे. पहिली पाच मिनिटे फार वाईट गेली. मुले एकमेकांकडे पाहत होती, दोघे पाणी प्यायला उठले. मग हळूहळू खोली शांत झाली.

तो धडाधड वाचणारा मुलगा शेवटाजवळ थांबला. कागद उलटा करून त्याने मागची बाजू पाहिली, पुन्हा पुढची पाहिली, आणि हात वर केला. त्याची तक्रार अशी, की झेरॉक्स नीट आलेली नाही, आईच्या बिलाचे आकडे उठलेले नाहीत. मी म्हटले, की झेरॉक्स बरोबर आहे. तो पुन्हा खाली बघून वाचायला लागला, या खेपेला एकेका ओळीवर बोट ठेवून.

मला वाटले, झाला तास. पण मागच्या बाकावरच्या एका मुलीने विषयच बदलला. तिची आई चार घरी धुणीभांडी करते. त्या कामाचे पैसे मिळतात आणि घरी येऊन तेच काम केले की मिळत नाहीत, तेव्हा दिनूच्या आईने आकडा घालायला हवा होता, असे तिचे म्हणणे. यावर जी वादावादी सुरू झाली तीत सगळा वर्ग ओढला गेला. आईला पैसे द्यायचे तर बाबांनी द्यायचे की मुलांनी, येथपर्यंत मजल गेली. प्रत्येकजण कागदावर बोट ठेवून पुरावे दाखवत होता. इमारतीच्या वॉचमनला खोली बंद करायची होती. तो दोनदा येऊन गेला.

रात्री मी आजीला हे सांगितले. तिच्या वर्गात धडा संपला तेव्हा गुरुजींसकट सगळ्यांचे डोळे ओले झाले होते आणि लगेच पाढ्यांचा तास लागला. असा प्रश्न कोणालाच सुचला नव्हता, असे ती म्हणाली. मुलीचे बोलणे तिला पटले नाही. दिनूची आई काय कामवाली होती का, असे ती जरा रागानेच म्हणाली. मग बराच वेळ ती गप्प बसली. मला वाटले, डोळा लागला. तेवढ्यात तिने आजोबांच्या डब्यापासून सुरुवात केली, किती वर्षे, दिवसाला किती पोळ्या, आणि बोटांवर मोजू लागली.