संगीतसूर्य केशवराव भोसले

मराठी नाटकमंडळ्यांचा विचार करताना आपली दृष्टी पुण्या-मुंबईकडेच वळते. तथापि ‘ललितकलादर्श’ ही नामवंत मंडळी १ जानेवारी १९०८ रोजी हुबळीस, म्हणजे आपल्या या सीमाभागाच्या शेजारीच जन्मास आली. तिचे संस्थापक केशवराव भोसले तेव्हा अवघे सतरा वर्षांचे होते.

९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात जन्मलेले केशवराव बालवयातच स्वदेशहितचिंतक मंडळीत दाखल झाले. रंगभूमी हीच त्यांची शाळा. देवलांच्या ‘शारदा’ नाटकातील नायिकेच्या भूमिकेने त्यांचे नाव गाजले. जरठ वराच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलीचे दुःख गातच हा मुलगा वाढला, हे त्यांच्या पुढील निवडी पाहताना विसरता येत नाही.

नाटकमंडळी म्हणजे मोठे बिऱ्हाड. नट, साथीदार, आचारी, पडदे यांचा सारा भार तिकिटांच्या उत्पन्नावर. अशा संस्थेच्या मालकाने चालत आलेली नाटकेच पुढे चालवली असती तरी त्याला कोणी दोष दिला नसता. केशवरावांनी १९१२ साली हिराबाई पेडणेकर यांचे ‘दामिनी’ रंगभूमीवर आणले. स्त्रियांच्या भूमिकाही पुरुषच करीत, त्या काळात कलावंत समाजातील एका स्त्रीच्या लेखणीवर त्यांनी आपल्या मंडळीची पत लावली. (अनेक वाचनालयांच्या कार्यकारिणीत स्त्रीचे नाव येण्यास याहून पुष्कळ अधिक काळ लागला!) पुढे वीर वामनराव जोशी यांच्या ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’मधील मृणालिनी त्यांनी गाजविली. मामा वरेरकरांच्या ‘हाच मुलाचा बाप’मधून हुंड्याचा आणि ‘संन्याशाचा संसार’मधून धर्मांतराचा प्रश्न त्यांच्या मंडळीने प्रेक्षकांपुढे मांडला. त्यांच्या गायनाची थोरवी सर्वमान्य आहे. पण माझ्या मते, तानेवर लुब्ध झालेल्या श्रोत्यांना त्यांनी हे प्रश्न ऐकावयास लावले, हे त्यांचे कार्य अधिक मोलाचे आहे.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ललितकलादर्श व गंधर्व नाटक मंडळी यांनी ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग केला. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर! परस्परांच्या प्रतिस्पर्धी असलेल्या या मंडळ्या राष्ट्रकार्यासाठी एका रंगमंचावर आल्या.

त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव निवर्तले. वय एकतीस. मालकाबरोबर मंडळीही जाण्याचाच तो काळ होता. परंतु बापूराव पेंढारकरांनी धुरा उचलली आणि १९२२ साली वरेरकरांचेच ‘सत्तेचे गुलाम’ रंगमंचावर आणले. बापूरावांच्या मागे त्यांचे पुत्र भालचंद्र यांनी ‘ललितकलादर्श’चे नाव राखले.

कोल्हापूरचे राजर्षी शाहूंच्या काळातील पॅलेस थिएटर पुढे केशवरावांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री लागलेल्या आगीने त्या नाट्यगृहाची मोठी हानी केली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती.