खजिन्यावर तुळशीपत्र ठेवणारी चौंडीची लेक

दिंडीच्या शंभराव्या वर्षाचा हा अंक काढायचा ठरला तेव्हा संतचरित्रे घ्यायची हे ठरलेलेच होते. पिंपळनेरचे निळोबाराय आणि ताहाराबादचे महिपतीबुवा यांच्याशिवाय आपल्या जिल्ह्यातल्या दिंडीचा अंक पुरा कसा होणार? पण मंडळींच्या बैठकीत एका जुन्या टाळकरी माऊलींनी आणखी एक नाव सुचवलं. ते नाव आता आपल्या जिल्ह्यालाच मिळालंय. चौंडीच्या अहिल्यादेवी. कुणी म्हणाले, त्या राज्यकर्त्या होत्या, वारकरी नव्हत्या. त्यावर माऊली म्हणाल्या की आपण खर्चावरून भांडत बसलोय, म्हणून तर तिची आठवण काढायची. बैठकीत मग कुणी काही बोललं नाही. भांडण काय होतं ते शेवटी सांगतो. आधी बाईंची गोष्ट.

नगर सोडून आपली दिंडी मिरजगावाकडे आणि पुढे करमाळ्याच्या दिशेला चालते, त्याच मुलखात जामखेड तालुक्यात सीना नदीच्या काठी चौंडी गाव आहे. तिथे ३१ मे १७२५ रोजी माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी अहिल्येचा जन्म झाला. आईचं नाव सुशीलाबाई. घर पाटलाचं असलं तरी थाट शेतकऱ्याचाच. मुलींना अक्षरओळख देण्याचा तो काळ नव्हता, पण माणकोजींनी लेकीला लिहा-वाचायला शिकवलं. पुढं तिने दौलतीचा हिशेब ठेवला तो या शिकवणीच्या बळावर.

मल्हारराव होळकर पेशव्यांचे मोठे सरदार. चौंडीच्या देवळात त्यांनी ही पोर पाहिली आणि सून करून घ्यायचं ठरवलं, असं सांगतात. १७३३ मध्ये त्यांच्या मुलाशी, खंडेरावांशी तिचं लग्न झालं. तेव्हा ती आठ वर्षांची होती. सीनाकाठची पाटलाची पोर माळव्याच्या सरदारघरात गेली. सासू गौतमाबाईंनी तिला घर शिकवलं आणि सासऱ्यांनी कारभार शिकवला. मल्हारराव स्वारीवर असले की मागची व्यवस्था सुनेकडे. तोफा, दारूगोळा, बैल, रसद यांची कामं ते पत्राने तिला सांगत.

या काळातली एक गोष्ट माळव्यात आणि आपल्याकडेही सांगतात. खंडेरावांचा खर्चाचा हात सैल. नेमून दिलेला तनखा महिना सरायच्या आत संपायचा. एकदा त्यांनी खजिन्यातून आगाऊ रक्कम मागितली. हिशेब अहिल्याबाईंकडे होता. नवरा झाला म्हणून काय झालं, नेमणुकीपेक्षा जास्त पैसा मिळणार नाही, असं त्यांनी सांगितलं आणि दिला नाही. माऊली, विचार करा. अडीचशे-पावणेतीनशे वर्षांपूर्वीचा काळ, सरदाराचा मुलगा, आणि नाही म्हणणारी त्याची बायको. आज आपल्या घरी पोरगं नव्या मोबाईलसाठी हट्ट धरतं, तेव्हा आपल्या तोंडून नाही निघत नाही.

पुढं दुःखांची रांगच लागली. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव गेले. अहिल्याबाई सती जायला निघाल्या. म्हाताऱ्या सासऱ्यांनी पदर पसरला, आता तूच माझा मुलगा म्हणून गळ घातली, तेव्हा त्या थांबल्या. १७६६ मध्ये मल्हारराव गेले. एकुलता मुलगा मालेराव गादीवर बसला, तोही १७६७ मध्ये वारला. नवरा, सासरा, मुलगा. घरात कर्ता पुरुष उरला नाही.

अशा वेळी काय होतं ते गावोगाव आपण बघतो. भाऊबंद जागे होतात. इथेही तसंच झालं. होळकरांच्या जुन्या दिवाणाने राघोबादादा पेशव्यांना बोलावणं धाडलं की दौलत उघडी पडलीय, या. दादा फौज घेऊन निघाले. अहिल्याबाईंनी घाबरून चावी पुढे केली नाही. शिंदे, भोसले, गायकवाड यांना पत्रं गेली, बायकांची फौज उभी केली, आणि बायकांशी लढून जिंकलात तरी नाव होणार नाही, हरलात तर तोंड दाखवता येणार नाही, असा निरोप दादांना पोचवला. दादा माघारी फिरले. माधवराव पेशव्यांनी कारभार बाईंकडेच ठेवला.

आता ज्या गोष्टीसाठी हे चरित्र लिहायला घेतलं ती गोष्ट. होळकरांच्या घरात पैशाच्या दोन थैल्या होत्या. एक दौलत, म्हणजे सरकारी पैसा; फौज आणि राज्यकारभार त्यातून चालायचा. दुसरी खासगी. १७३४ मध्ये पेशव्यांनी गौतमाबाईंच्या नावाने वेगळा मुलूख लावून दिला होता, त्याचं उत्पन्न खासगीत यायचं. गौतमाबाईंच्या मागे ती खासगी अहिल्याबाईंकडे आली. हा पैसा त्यांच्या हक्काचा होता. हिरे-मोती केले असते, महाल बांधले असते, तरी विचारणारं कुणी नव्हतं.

राघोबादादांच्या प्रसंगाला जोडून अशी आख्यायिका सांगतात की, खासगीच्या पैशावर हात टाकायची भाषा झाली तेव्हा बाईंनी कळवलं, या द्रव्यावर आम्ही तुळशीपत्र ठेवलंय, हे दानधर्माचं आहे. ब्राह्मण म्हणून दान घ्यायचं असेल तर पाणी सोडून देते, नाहीतर रणात भेटू. गोष्ट तोंडी चालत आलेली आहे. पण पुढची अठ्ठावीस वर्षं त्या जशा वागल्या, ते पाहिलं की गोष्ट खोटी वाटत नाही. तुळशीपत्र ठेवणं म्हणजे काय ते वारकऱ्याला समजावून सांगायला नको. वस्तू आपल्याच घरात असते, पण तिच्यावरचा आपला हक्क गेलेला असतो.

बाईंनी राजधानी महेश्वरला नेली, नर्मदेच्या काठी. तिथला घाट पाहिला तर डोळे दिपतात, पायऱ्यांवर पायऱ्या, कोरीव दगड. आणि त्यांचा राहता वाडा? लाकडी खांबांचा साधा वाडा, आपल्याकडच्या एखाद्या जुन्या पाटलाच्या घरासारखा. घाट लोकांसाठी होता, वाडा स्वतःसाठी होता.

बाईंच्या मृत्यूनंतर पंचवीसेक वर्षांनी माल्कम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने माळव्यातल्या जाणत्या माणसांना विचारून त्यांची दिनचर्या लिहून ठेवली. पहाटे उजाडायच्या तासभर आधी उठायच्या. स्नान, पूजा, पोथी ऐकणं. मग दानधर्म, मग पंगत, आणि त्यानंतर स्वतःचं जेवण, तेही साधं. दुपारी दोनच्या सुमाराला दरबार, तो संध्याकाळपर्यंत. पुन्हा पूजा, थोडा फराळ, आणि रात्री नवापासून अकरापर्यंत परत काम. अंगावर पांढरं लुगडं, गळ्यात लहानशी माळ, बाकी दागिना नाही.

इथं कुणी म्हणेल, विधवेला त्या काळी पांढरंच नेसावं लागे, त्यात विशेष काय? खरं आहे. पांढरं लुगडं ही त्या काळाची रीत होती. विशेष आहे ते पुढचं. याच बाईंनी महेश्वरात विणकर आणून वसवले, त्यांना काम दिलं. महेश्वरी साडी आज देशभर मिरवते ती तिथून निघाली. आपल्या अंगावर रंग नाही म्हणून दुसऱ्याच्या मागावरचा रंग त्यांनी बंद पाडला नाही. हुकूमावर स्वतःचं नाव न घालता शंकराचं नाव घालायच्या आणि नाण्यावर बेलपत्र असायचं. एका पंडिताने त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ लिहून आणला. बाईंनी तो ऐकून घेतला आणि नर्मदेत सोडायला लावला. पंडिताला पुन्हा विचारलंही नाही. आज ते ग्रंथ नसतात, चौकात फ्लेक्स असतात.

मग वाचवलेला पैसा गेला कुठे? काशीला विश्वनाथाचं देऊळ पडून शतक उलटलं होतं, ते १७८० मध्ये उभं केलं. सोमनाथाला देऊळ बांधलं. गयेला विष्णुपद मंदिर बांधलं. काशीला घाट, ठिकठिकाणी धर्मशाळा, विहिरी, बारव. आपल्या पंढरपुरातही होळकर वाडा आहे. चंद्रभागेवर जाताना आपण त्याच्या भिंतीजवळून जातो.

पण आम्हाला मोठ्या देवळांपेक्षा लहान खर्चाच्या नोंदी जास्त भावल्या. उन्हाळ्यात वाटसरूंना पाणी द्यायला रस्त्यांवर माणसं नेमलेली असत. थंडीत म्हाताऱ्या-आजारी माणसांना कपडे वाटले जात. महेश्वरच्या आसपास भर उन्हात नांगरणारे बैल थांबवून बाईंचे चाकर त्यांना पाणी पाजत. आणि पाखरं शेतातून हाकलली जातात म्हणून काही उभी पिकं विकत घेऊन पाखरांसाठी सोडली होती. याला काटकसर म्हणायचं की उधळपट्टी? आमच्या मते काटकसर या शब्दाचा अर्थच इथं कळतो. कंजूष माणूस स्वतःही खात नाही आणि दुसऱ्यालाही देत नाही. काटकसरी माणूस आपल्या अंगावरचं कमी करतो, कारण त्याला बैलाची तहान दिसलेली असते.

दौलतीच्या पैशाबाबत मात्र त्या कडक. फौजेचे प्रमुख तुकोजी होळकर मोहिमेवरून वारंवार पैसे मागत. बाई आधी मागचा हिशेब मागत. यावरून दोघांचे खटके उडाले. फौजेला पैसा लागतोच, त्यामुळे तुकोजींचीही अडचण खरी होती. पण हिशेबाशिवाय रक्कम सोडायची नाही, हा नियम बाईंनी सोडला नाही.

शेवटची वर्षं फार कष्टाची गेली. नातू नथ्याबा गेला. १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे गेले आणि लेक मुक्ताबाई आईने विनवूनही सती गेली. सगळं गेलं, पण सकाळची पंगत आणि दुपारचा दरबार चुकला नाही. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरला त्यांनी देह ठेवला.

आता आमचं भांडण. शंभर वर्षांच्या निमित्ताने वर्गणी चांगली जमली. काही मंडळींचं म्हणणं, मोठा मांडव, रोषणाई, कमानी करू, वीणेला चांदी मढवू. शंभर वर्षं पुन्हा येत नाहीत. काहींचं म्हणणं, पाण्याचा स्वतःचा टँकर घेऊ. दोन्ही बाजूंना दिंडीचं प्रेम आहे, हे आधीच सांगतो.

पण एक कबुली द्यायला हवी. काही वर्षांपूर्वी आम्हीच प्रस्थानाचा सोहळा ऐपतीबाहेर केला. मांडव आणि स्पीकर यांतच निम्मी वर्गणी गेली. पुढं करमाळ्याच्या वाटेवर टँकरला पैसे उरले नाहीत. ज्येष्ठाचं ऊन, पाऊस नाही, आणि तुळशीवाल्या म्हाताऱ्या माऊल्या रिकाम्या तांब्याने बाभळीखाली बसलेल्या. एका गावाने पाणी दिलं म्हणून निभावलं. त्या दिवशी विणेकऱ्यांनी कुणाला बोल लावला नाही, पण संध्याकाळी हरिपाठाला आमच्यातल्या कित्येकांची मान वर होत नव्हती. वर्गणीचा तो पैसा आमचा नव्हताच. देणाऱ्याने तो पांडुरंगाच्या नावाने दिला तेव्हाच त्यावर तुळशीपत्र पडलं होतं.

आणि दिंडीत जे झालं तेच घरोघर चाललंय. कांद्याला भाव नाही, कपाशीचं खरं नाही, तरी लग्नात डीजे हवा, हजार पानं उठली पाहिजेत. त्यासाठी जमिनीवर कर्ज काढायचं आणि ते फेडण्यात दहा वर्षं घालवायची. हप्त्यावर मोटारसायकल, हप्त्यावर फ्रिज. वारीचे दिवस आपण दोन धोतरांवर किंवा दोन लुगड्यांवर काढतो, एका पडशीत संसार मावतो, आणि काही कमी पडल्यासारखं वाटत नाही. घरी परतलो की आठ दिवसांत ते विसरतो.

बैठकीत शेवटी ठरलं ते असं. मांडव गावच्या शाळेपुढच्या लिंबाखाली, घरचाच. कमानी नाहीत. वीणा आहे तशीच, फक्त तारा नव्या. राहिलेल्या पैशातून टँकर, आणि तो वारी नसेल तेव्हा उन्हाळ्यात वाड्यावस्त्यांवर, माणसांसाठी आणि जनावरांसाठी. दिंडीच्या पैशाची वही वेगळी, आणि दर एकादशीला भजनानंतर तिचं वाचन सगळ्यांसमोर. मंडळींपैकी तीन घरांनी यंदाची लग्नं एकाच मांडवात, एकाच पंगतीत उरकायचं कबूल केलं. चौथ्या घराने अजून विचार करतो म्हणून सांगितलंय. त्यांना आग्रह नाही.

यंदा मिरजगावच्या पुढं गेल्यावर दिंडीतले काहीजण वाट वाकडी करून चौंडीला जाऊन येणार आहेत. ज्यांना यायचं असेल त्यांनी चोपदारांकडे नाव द्यावं. तांब्या आपापला आणावा.

रामकृष्ण हरी.