वर्ध्याचे खानखोजे, मेक्सिकोचे सर

महायुद्ध १९१८ साली संपलं असं आपण पाठ केलंय. पण हरलेल्या बाजूने लढून परक्या देशात अडकलेल्या माणसासाठी ते संपतं का? पांडुरंग सदाशिव खानखोजे असेच एक. लांबचे नाहीत, आपल्या विदर्भातलेच, वर्ध्याचे. जन्म १८८४. ते शाळकरी असताना १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ आपल्या भागावर कोसळले.

विशीतच ते जपानमार्गे अमेरिकेला गेले. तिथे शेतीशास्त्र शिकले आणि लष्करी शिक्षणही घेतलं. (आपल्याला एका ब्रँचचं सबमिशन झेपत नाही!) १९१३ च्या गदर पार्टीच्या संस्थापकांपैकी ते एक, लष्करी बाजू सांभाळणारे. महायुद्धात ते तुर्कस्तानमार्गे इराणात गेले. बलुचिस्तानकडून इंग्रजांवर चालून जायचा बेत होता, तो फसला. जखमी झाले, पकडले गेले, निसटले, पुन्हा इराणी टोळ्यांबरोबर लढले. त्याच वर्षांत इराणात भीषण दुष्काळ पडला होता.

मग शांतता झाली. सैनिक घरी गेले. खानखोजेंना मात्र घराचा रस्ता बंद, कारण भारतात सापडले की इंग्रज धरणार. बर्लिन, मॉस्को करत १९२४ ला ते मेक्सिकोला पोचले. तो देशही जमिनीवरून झालेल्या दहा वर्षांच्या यादवीतून नुकताच बाहेर आला होता. चापिंगोच्या शेतकी कॉलेजात ते सर झाले. मक्याच्या जास्त उत्पन्नाच्या जाती तयार केल्या, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेती-शाळा काढल्या. दिएगो रिव्हेराने तिथल्या शिक्षण खात्याच्या भिंतीवर जेवणाच्या टेबलाशी पाव वाटणारा माणूस रंगवला, तो खानखोजेंसारखा दिसतो.

कोणी म्हणेल, थकले आणि लढाई सोडली. मला नाही पटत. वर्धा काय, इराण काय, उपाशी माणसं त्यांच्या वाटेवर सगळीकडेच होती. बंदूक गेली, पण त्या उपाशी माणसांचं काम उरलं होतंच ना?

१९३६ साली त्यांनी एका बेल्जियन बाईंशी लग्न केलं. १९४७ ला देश स्वतंत्र झाला. आता तरी घर? तर इंग्रजांच्या जुन्या बंदीपायी आपल्याच सरकारने आधी व्हिसा नाकारला! पुढे बंदी उठली, ते नागपूरला येऊन राहिले, तिथेच १९६७ साली वारले. चापिंगोला त्यांचा पुतळा २०२२ साली बसला.