हॉक्स्टनच्या डॉक्टरांची नजर

पार्किन्सन हा शब्द आता आपल्या घराघरांत पोहोचला आहे. पण ते एका माणसाचे आडनाव आहे, हे पुष्कळांच्या ध्यानीमनी नसते. जेम्स पार्किन्सन यांचा जन्म ११ एप्रिल १७५५ रोजी लंडनच्या हॉक्स्टन वस्तीत झाला. वडील तिथलेच डॉक्टर. मुलाने तोच दवाखाना पुढे चालवला. ज्या सेंट लिओनर्ड चर्चमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, तिथेच लग्न लागले आणि डिसेंबर १८२४ मध्ये दफनही तिथेच झाले.

एवढ्यावरून गृहस्थ फार साधे असतील असे वाटेल. तसे मुळीच नव्हते. ‘ओल्ड ह्युबर्ट’ या टोपणनावाने ते गरिबांच्या बाजूने आणि सरकारविरुद्ध पत्रके लिहीत. राजा तिसरा जॉर्ज याला विषारी बाणाने मारण्याच्या कथित कटाची १७९४ मध्ये चौकशी झाली, तेव्हा त्यांना थेट प्रिव्ही कौन्सिलपुढे साक्ष द्यावी लागली. त्यातून ते सुखरूप सुटले. पुढे त्यांना जीवाश्मांचा नाद लागला. त्यांवर त्यांनी तीन खंडांचा ग्रंथ लिहिला. १८०७ मध्ये लंडनची जिऑलॉजिकल सोसायटी स्थापन झाली, तेव्हा संस्थापकांत तेही होते. दगडातल्या खुणांवरून नाहीशा झालेल्या जिवाचा माग काढायचा, ही सवय त्यांच्या डोळ्यांना लागली होती.

त्याच डोळ्यांनी त्यांनी माणसे पाहिली. १८१७ मध्ये, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, त्यांनी कंपवातावर एक छोटेसे पुस्तक लिहिले. त्यात रोगी अवघे सहा. त्यांतले दोघे रस्त्यात भेटलेले, तर एकाला नुसते दुरून पाहिलेले! थरथरणारा हात, पुढे झुकलेले शरीर, चालता चालता धावू लागणारी पावले हे सारे त्यांनी टिपले. दोष मज्जारज्जूच्या वरच्या टोकाशी असावा, असा त्यांचा अंदाज होता. तो चुकला. पण आपल्याजवळ शवविच्छेदनाचा पुरावा नाही, हे त्यांनी लपवले नाही. इतरांनी तपास करावा, असेच त्यांना वाटत होते.

अर्धशतकानंतर पॅरिसच्या शार्को यांनी या आजाराला पार्किन्सन यांचे नाव दिले. प्रत्येक रोग्याला कंप असतोच असे नाही, हेही त्यांनी दाखवून दिले.

याचा अर्थ मला बँकेच्या नोकरीत उमगला. पेन्शनर खातेदारांच्या सह्या नमुना कार्डाशी ताडून पाहण्याचे काम माझ्याकडे होते. एका निवृत्त मास्तरांची ठसठशीत सही महिन्यामागून महिने बारीक होत मुंगीएवढी झाली. त्यांना केबिनमध्ये बसवून आम्ही सहीचा नवा नमुना घेतला. हात मुळीच कापत नव्हता. पुढे डॉक्टरांनी निदान केले ते मात्र कंपवाताचेच.

म्हणजे एकाच नावाखाली नाना रूपे. १९१९ मध्ये त्रेत्याकोव्ह यांनी मध्यमेंदूतल्या काळसर भागातल्या पेशी नष्ट होतात हे दाखवले. १९६० मध्ये तिथून मिळणारे डोपामिन आटते हे सिद्ध झाले. पण हे कळायचे ते रोगी गेल्यावर! आज जिवंत माणसाच्या मेंदूचे चित्र काढता येते. डॅटस्कॅनमध्ये शिरेतून किरणोत्सारी औषध देतात. निरोगी मेंदूत दोन्ही बाजूंना स्वल्पविरामासारखी खूण उमटते. पार्किन्सनमध्ये तिची शेपटी पुसली जाऊन पूर्णविराम उरतो. एखाद्या औषधाच्या दुष्परिणामाने अंग ताठरले असेल, तर स्वल्पविराम सहसा शाबूत राहतो.

पार्किन्सनसारखे दिसणारे इतर आजारही आहेत. त्यांतल्या एकात नजर वर-खाली फिरवणे अवघड होते आणि रोगी सुरुवातीपासूनच पडू लागतो. एमआरआयमध्ये त्याचा आक्रसलेला मध्यमेंदू बाजूने हमिंगबर्ड पक्ष्यासारखा दिसतो. दुसऱ्या एकात मेंदूच्या देठात, गुड फ्रायडेच्या बनपावावर असते तशी फुली दिसू शकते. या दोन्ही आजारांत डॅटस्कॅनही बिघडलेलाच येतो. म्हणून एका चित्रावर विसंबून चालत नाही.

हा भेद घरच्यांसाठी फार मोलाचा आहे. पार्किन्सनमध्ये लेव्होडोपाच्या गोळ्यांनी बहुधा चांगला गुण येतो. त्या दोन आजारांत तो कमी येतो, टिकतही नाही. मग औषध का लागू पडत नाही म्हणून घरचे एकमेकांना दोष देत बसतात. आजार नीट ओळखला, तर न्हाणीघरात आधाराचा दांडा बसवणे, घास गिळताना जपणे ही तयारी वेळेवर होते.

स्वतः पार्किन्सन यांचे खात्रीचे असे एकही चित्र आज उपलब्ध नाही. त्यांच्या नावाने छापले जाणारे फोटो दुसऱ्यांचे. त्यांच्या हयातीत कॅमेरा प्रचारात आलाच नव्हता. मागे राहिली ती त्यांची पाहण्याची रीत. आजही चांगला डॉक्टर स्कॅन सांगण्याआधी रोग्याला दारापासून खुर्चीपर्यंत चालायला लावतो आणि मुकाट्याने पाहत राहतो.